‘मोस्ट बेस्ट’ का होतं? इंग्लिशमधली तुलना मराठी माणसाने कशी बांधायची

‘धिस इज मोअर बेटर’, ‘ही इज टॉल दॅन मी’, ‘इट वॉज द मोस्ट वर्स्ट डे’. अशी वाक्यं मुलांच्या वहीत दिसतात, इंटरव्ह्यूत ऐकू येतात, चांगल्या कंपनीत पाच-दहा वर्षं काढलेल्या लोकांच्या मेलमध्येही सापडतात, आणि गंमत म्हणजे याच लोकांचे टेन्स बरोबर असतात, शब्दसाठा चांगला असतो, फक्त तुलना आली की गडबड. यात हुशारीचा काही संबंध नाही. मराठीत तुलनेची खूण जिथे लागते तिथे इंग्लिशमध्ये ती पुरत नाही, एवढंच कारण आहे, आणि ते एकदा नीट बघितलं की निम्म्या चुका आपोआप जातात. म्हणून नियमांआधी तेच बघू.

‘सातारा पुण्यापेक्षा लहान आहे.’ या वाक्यात ‘लहान’ला काय झालं? काहीच नाही. नुसतं ‘सातारा लहान आहे’ म्हटलं तरी ‘लहान’च. सगळं काम पुण्याला चिकटलेल्या ‘पेक्षा’ने केलं. ‘सगळ्यात लहान’ म्हणा, तरी ‘लहान’ आहे तसाच. तर-तम लावायची पद्धत आपल्याकडे आहे, उच्चतर-उच्चतम, लसावि-मसावीतले लघुतम-महत्तम वगैरे, पण ते शब्द संस्कृतातून तयार आलेले, भाजी घेताना कोणी ‘ताजातर’ मेथी मागत नाही. त्यामुळे विशेषण स्वतः बदलतं याची आपल्या कानाला सवयच नाही. इंग्लिशला मात्र दोन्हीकडे खूण लागते, म्हणजे ‘पेक्षा’च्या जागी ‘दॅन’ तर हवाच, पण ‘स्मॉल’चं ‘स्मॉलर’ही व्हायलाच हवं. आपण ‘दॅन’ टाकतो आणि मनात काम झालेलं असतं, म्हणून ‘टॉल दॅन मी’.

दुसरी चूक याच्या उलटी. ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’ आता मराठीच शब्द झालेत, ‘एकदम बेस्ट’, ‘त्यापेक्षा हे बेटर’, ‘सगळ्यात बेस्ट मिसळ’ असं आपण दिवसभर बोलतो आणि त्यात मराठीत काही चूक नाही. पण मराठीत आल्यावर या शब्दांमधली तुलना पुसली गेली, ‘बेस्ट’ म्हणजे नुसतं ‘छान’ झालं, म्हणून त्याच्या आधी परत ‘सगळ्यात’ लावावंसं वाटतं आणि तेच इंग्लिशमध्ये जाताना ‘मोस्ट बेस्ट’ होतं. ‘बेटर’मध्ये ‘जास्त’ आधीच आहे, ‘बेस्ट’मध्ये ‘सगळ्यात’ आधीच आहे. ‘वर्स्ट’चंही तेच. शेक्सपियरच्या काळात असे डबल प्रकार इंग्लिशमध्ये चालायचे, पण आजच्या शिष्ट इंग्लिशमध्ये ती सरळ चूक धरतात.

आता ‘-अर’ लावायचा की आधी ‘मोअर’ लावायचा हे कसं ठरवायचं. शब्दाचे उच्चारातले तुकडे मोजायचे, ज्याला सिलॅबल म्हणतात. हनुवटीखाली हाताचा पंजा आडवा धरा आणि शब्द मोठ्याने म्हणा, हनुवटी जितक्या वेळा खाली येते साधारण तितके तुकडे. ‘चीप’ एक, ‘हॅपी’ दोन, ‘एक्स्पेन्सिव्ह’ तीन. एक तुकडा असेल तर डोळे झाकून ‘-अर’ आणि ‘-एस्ट’: चीपर-चीपेस्ट, फास्टर-फास्टेस्ट, टॉलर-टॉलेस्ट. तीन किंवा जास्त असतील तर डोळे झाकून ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’: मोअर एक्स्पेन्सिव्ह, मोस्ट ब्यूटिफुल.

डोळे उघडे ठेवायचे ते दोन तुकड्यांच्या शब्दांना. त्यातही शेवटी वाय असलेल्या शब्दांना ‘-अर’च लागतो, इझी-इझिअर, बिझी-बिझिअर, हेवी-हेविअर, अर्ली-अर्लिअर. ‘मोअर इझी’ आपल्याकडे फार ऐकू येतं आणि समोरच्याला कळतंही, पण ‘इझिअर’ची सवय लावून घ्या. नॅरो, सिंपल यांनाही ‘-अर’ बरा वाटतो. ज्यांच्या शेवटी फुल, लेस, इंग, अस असं काही लागलेलं आहे, म्हणजे केअरफुल, यूजलेस, बोअरिंग, फेमस, त्यांना कायम ‘मोअर’. मॉडर्न, नॉर्मल, रीसेंट यांनाही ‘मोअर’. पोलाईट, कॉमन, क्लेव्हर अशा थोड्या शब्दांना दोन्ही चालतं, त्यावर डोकं शिणवू नका. माझं मत विचाराल तर वाय सोडून बाकी दोन तुकड्यांच्या कुठल्याही शब्दाची शंका आली तर ‘मोअर’ लावा, क्वचित थोडं अवघडल्यासारखं वाटेल पण चूक फारशी निघणार नाही.

काही शब्द या मोजणीत बसत नाहीत. ‘फन’ एका तुकड्याचा आहे पण ‘मोअर फन’ म्हणायचं. ‘अनहॅपी’ तीन तुकड्यांचा आहे तरी ‘अनहॅपिअर’ चालतं, कारण आत ‘हॅपी’ बसलाय. आणि एकाच माणसाच्या दोन गुणांची आपापसात तुलना असेल तर शब्द कितीही छोटा असो, ‘मोअर’च येतो. ‘तो चिडण्यापेक्षा दुःखी जास्त होता’ याचं ‘ही वॉज मोअर सॅड दॅन अँग्री’, इथे ‘सॅडर’ नाही.

स्पेलिंगचं पटकन सांगते. शेवटी एकच व्यंजन आणि त्याआधी एकच स्वर असेल तर ते व्यंजन डबल होतं: बिगरमध्ये दोन जी, हॉटरमध्ये दोन टी, थिनरमध्ये दोन एन. स्वर दोन असतील तर डबल नाही, म्हणून ‘चीपर’मध्ये पी एकच. शेवटी डब्ल्यू असेल तरी डबल नाही, न्यूअर, स्लोअर. व्यंजनानंतरच्या वायचा आय होतो. शेवटी आधीच ई असेल तर नुसता आर, जसं नाइसर, लार्जर. आणि ‘दॅन’ लिहिताना मधे ए, ‘देन’ म्हणजे ‘मग’ त्यात मधे ई. आपला उच्चार दोन्हीचा जवळजवळ सारखाच होतो त्यामुळे टाइप करताना हटकून घोळ होतो आणि स्पेलचेक तो नेहमी पकडतोच असं नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

अजिबात नियम न पाळणारे शब्द पाठच करायचे, थोडेच आहेत: गुड-बेटर-बेस्ट, बॅड-वर्स-वर्स्ट, लिटल-लेस-लीस्ट, आणि मच किंवा मेनी-मोअर-मोस्ट. यात ‘वर्स’ आणि ‘वर्स्ट’ची अदलाबदल फार होते. ‘हळूहळू परिस्थिती बिघडत चालली आहे’ हे ‘गेटिंग वर्स’, ‘वर्स्ट’ नाही, कारण इथे तुलना फक्त आधीच्या परिस्थितीशी आहे. इंग्लिश ‘फार’ म्हणजे लांब, त्याची ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ अशी दोन रूपं आहेत, अंतरासाठी दोन्ही चालतात, पण ‘पुढची माहिती’ अशा अर्थाने फक्त ‘फर्दर’.

मराठी माणसाचा खास घोटाळा ‘मोठा’ आणि ‘लहान’ या शब्दांचा. आपल्याकडे मोठा म्हणजे आकारानेही मोठा आणि वयानेही मोठा. ‘दादा माझ्यापेक्षा मोठा आहे’चं ‘दादा इज बिगर दॅन मी’ केलं तर ऐकणाऱ्याला दादा अंगापिंडाने थोराड आहे असं वाटेल. वयासाठी ओल्डर आणि यंगर. मग ‘एल्डर’ कुठे गेला? तो घरातल्या नात्यापुरता आणि नामाच्या आधी, ‘माय एल्डर सिस्टर’. त्याच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘शी इज एल्डर दॅन मी’ हे चूक, ‘शी इज ओल्डर दॅन मी’. आणि किती वर्षांनी मोठी हे सांगायचं असेल तर आकडा ओल्डरच्या आधी ठेवा, ‘शी इज थ्री इयर्स ओल्डर दॅन मी’. आपण मराठीच्या चालीने ‘बाय थ्री इयर्स’ मागे जोडतो. चूक नाही, पण ओघवतं वाटत नाही.

‘खूप’चंही असंच. ‘ही आता खूप बरी आहे’ असं म्हणतो म्हणून ‘शी इज व्हेरी बेटर नाउ’ तोंडातून निघतं. ‘व्हेरी’ फक्त मूळ रूपाला लागतो, व्हेरी गुड, व्हेरी चीप. तुलनेच्या रूपाला लागतो ‘मच’, ‘फार’ किंवा बोलताना ‘अ लॉट’: मच बेटर, फार चीपर, अ लॉट इझिअर. थोडंसं असेल तर ‘अ लिटल’ किंवा ‘स्लाइटली’. ‘अजून चांगलं’ म्हणायचं असेल तर ‘ईव्हन बेटर’. ‘निर्विवाद सगळ्यात चांगला’ला ‘बाय फार द बेस्ट’. हे चार-पाच शब्द जिभेवर बसले ना, की तुमचं इंग्लिश ऐकायला एकदम वेगळं वाटायला लागतं, मला तर हा सगळ्यात कमी कष्टात मिळणारा फायदा वाटतो.

आता एक गोष्ट जरा सावकाश बघू, कारण शाळेतल्या ‘चेंज द डिग्री’ प्रश्नाचा, म्हणजे एकच अर्थ तुलनेच्या तिन्ही रूपांत लिहा या प्रश्नाचा, सगळा जीव तिच्यात आहे. कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. सुपरलेटिव्हमध्ये, म्हणजे ‘सगळ्यात’च्या रूपात: ‘कळसूबाई इज द हायएस्ट पीक इन महाराष्ट्र’. आधी ‘द’ आलाच पाहिजे, कारण सगळ्यात उंच एकच असतं. ‘माय’, ‘हिज’ असं काही आधी असेल तर मात्र ‘द’ जातो, ‘माय बेस्ट फ्रेंड’. आणि ‘महाराष्ट्रातलं’ला ‘इन’: जागा किंवा गट असेल तर इन, मोजकी वस्तू-माणसं असतील तर ‘ऑफ’, ‘द टॉलेस्ट ऑफ द थ्री’. ‘फ्रॉम ऑल’ नाही, ‘सगळ्यांमधून’ हे मराठीत ठीक आहे, इंग्लिशमध्ये ‘ऑफ ऑल’.

हेच कम्पॅरेटिव्हमध्ये, म्हणजे ‘पेक्षा’च्या रूपात: ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी अदर पीक इन महाराष्ट्र’. हा ‘अदर’ गाळला की मार्क जातात, आणि मुलांना वाटतं उगाच कापले. उगाच नाही. ‘एनी पीक इन महाराष्ट्र’ म्हटलं की त्यात कळसूबाईही आली, मग ती स्वतःपेक्षा उंच कशी होणार? मराठीत ‘महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिखरापेक्षा उंच’ म्हटलं तर कोणी अडवत नाही, समजून घेतात, इंग्लिश इथे काटेकोर आहे. आणि याची उलट बाजूही लक्षात ठेवा: ‘एव्हरेस्ट इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’, इथे ‘अदर’ टाकलात तर एव्हरेस्ट महाराष्ट्रात आणून ठेवलंत. म्हणजे ‘अदर’ घालायचा की नाही हे पाठांतराने नाही, नकाशा डोळ्यासमोर आणून ठरवायचं.

पॉझिटिव्हमध्ये, म्हणजे मूळ रूपात: ‘नो अदर पीक इन महाराष्ट्र इज अ‍ॅज हाय अ‍ॅज कळसूबाई’. ‘पीक’ एकवचनी, क्रियापद ‘इज’, आणि दोन्ही ‘अ‍ॅज’च्या मधे मूळ रूप ‘हाय’, ‘हायर’ नाही.

आता साल्हेर घ्या, 1567 मीटर, कळसूबाईनंतरचं दुसरं. ‘साल्हेर इज वन ऑफ द हायएस्ट पीक्स इन महाराष्ट्र’. ‘वन ऑफ’ म्हणजे अनेकांपैकी एक, त्यामुळे पुढचं नाम अनेकवचनी, ‘पीक्स’. ‘वन ऑफ द बेस्ट प्लेअर’ ही चूक मी पेपरच्या मथळ्यापर्यंत बघितली आहे. पण ‘वन’ हा कर्त्यासारखा आला तर क्रियापद एकवचनीच, ‘वन ऑफ द हायएस्ट पीक्स इज साल्हेर’. कम्पॅरेटिव्हला ‘साल्हेर इज हायर दॅन मोस्ट अदर पीक्स इन महाराष्ट्र’ आणि पॉझिटिव्हला ‘व्हेरी फ्यू पीक्स इन महाराष्ट्र आर अ‍ॅज हाय अ‍ॅज साल्हेर’. इथे ‘पीक्स’ आणि ‘आर’. थोडक्यात वाक्यात ‘वन ऑफ’ दिसलं की ‘व्हेरी फ्यू’ आणि ‘मोस्ट अदर’, नुसतं ‘द’ दिसलं की ‘नो अदर’ आणि ‘एनी अदर’. मुलांना ही जोडी आधी समजावा, मग तिन्ही वाक्यं लिहायला द्या, नाहीतर ती नुसती साचा भरत बसतात.

तुलना कशाची कशाशी आहे हेही तपासायला हवं. ‘मुंबईची लोकसंख्या पुण्यापेक्षा जास्त आहे’ हे मराठीत बरोबर ऐकू येतं, पण शब्दशः बघितलं तर लोकसंख्येची तुलना शहराशी झाली. इंग्लिशमध्ये ‘मुंबईज पॉप्युलेशन इज लार्जर दॅन पुणेज’ किंवा लिखाणात ‘दॅन दॅट ऑफ पुणे’. पटींचंही याच वळणाने: 2011 च्या जनगणनेत मुंबई साधारण 1 कोटी 24 लाख आणि पुणे शहर साधारण 31 लाख, म्हणजे ‘मुंबईज पॉप्युलेशन वॉज अबाउट फोर टाइम्स दॅट ऑफ पुणे’. ‘दुप्पट मोठा’ला ‘ट्वाइस बिगर’ नाही, ‘ट्वाइस अ‍ॅज बिग अ‍ॅज’. नाम अनेकवचनी असेल तर ‘दॅट ऑफ’च्या जागी ‘दोज ऑफ’, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

‘मी त्याला तुझ्यापेक्षा जास्त ओळखते’ हे वाक्य मराठीतही दोन अर्थांचं आहे, तू त्याला ओळखतोस त्यापेक्षा जास्त, की मी तुला ओळखते त्यापेक्षा जास्त? इंग्लिशमध्ये ‘आय नो हिम बेटर दॅन यू’ मध्ये तोच गोंधळ. सोपा उपाय म्हणजे शेवटी क्रियापद जोडा, ‘बेटर दॅन यू डू’. ‘दॅन मी’ की ‘दॅन आय’ हा वादही असाच मिटतो: बोलताना ‘दॅन मी’ बिनधास्त म्हणा, परीक्षेत किंवा फॉर्मल लिखाणात ‘दॅन आय अ‍ॅम’ लिहा, कोणी बोट ठेवणार नाही.

काही ठिकाणी ‘पेक्षा’ दिसला तरी ‘दॅन’ येत नाही. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर हे लॅटिनमधून आलेले, यांच्यापुढे ‘टू’ लागतो. ‘शी इज सीनिअर टू मी’. ‘मोअर सीनिअर’ला मात्र ‘दॅन’ चालतो. ‘प्रिफर’लाही ‘टू’: ‘आय प्रिफर टी टू कॉफी’. त्यात ‘मोअर’ घालायचं कारण नाही, ‘जास्त आवडणं’ त्या शब्दात आधीच आहे.

‘कमी’ला दोन शब्द: मोजता येणाऱ्याला ‘फ्यूअर’, न मोजता येणाऱ्याला ‘लेस’. फ्यूअर पीपल, लेस वॉटर. अंतर, पैसे, वेळ आकड्यात असले तरी ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’च, कारण ते एकगठ्ठा धरतात. खुद्द इंग्लंडमध्ये यावर भांडणं होतात. टेस्को या तिथल्या सुपरमार्केट कंपनीने 2008 मध्ये काउंटरवरच्या ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ पाट्या बदलून ‘अप टू टेन आयटेम्स’ केल्या, म्हणजे ‘लेस’ही नको आणि ‘फ्यूअर’ही नको. बोलण्यात तुम्ही ‘लेस पीपल’ म्हणालात तर आकाश कोसळत नाही, पण रिपोर्टमध्ये ‘फ्यूअर’ लिहा.

‘युनिक’, ‘परफेक्ट’ यांना ‘मोअर’ लावू नये असं शाळेत सांगतात, कारण जे एकमेव ते अजून एकमेव कसं होणार. लिखाणात हे पाळलेलं बरं. पण कोणी लावलं म्हणून लगेच त्याला अडाणी ठरवू नका, अमेरिकेच्या 1787 मधल्या राज्यघटनेच्या पहिल्याच वाक्यात ‘मोअर परफेक्ट युनियन’ आहे.

मराठीतल्या काही चाली मात्र इंग्लिशमध्ये सुंदर बसतात, त्या भरपूर वापरा. ‘जितकं लवकर तितकं बरं’ म्हणजे ‘द सूनर द बेटर’. ‘जितका जास्त सराव कराल तितकं सोपं जाईल’ म्हणजे ‘द मोअर यू प्रॅक्टिस, द इझिअर इट गेट्स’, दोन्हीकडे ‘द’ आणि दोन्हीकडे तुलनेचं रूप. ‘दिवसेंदिवस महाग होत चाललंय’ला ‘मोअर अँड मोअर एक्स्पेन्सिव्ह’, ‘उकाडा वाढतच चाललाय’ला ‘हॉटर अँड हॉटर’. ‘कमीत कमी’ला ‘अ‍ॅट लीस्ट’, ‘जास्तीत जास्त’ला ‘अ‍ॅट मोस्ट’. ‘बहुतेक लोक’ला ‘मोस्ट पीपल’, मधे ‘ऑफ’ नको. एखाद्या ठराविक गटातले बहुतेक असतील तर ‘मोस्ट ऑफ द पीपल इन माय ऑफिस’, तेव्हा ‘ऑफ’ आणि ‘द’ दोन्ही.

शेवटची गोष्ट ऑफिसवाल्यांसाठी, विशेषतः ज्यांचे क्लायंट परदेशात आहेत. ‘प्लीज रिप्लाय अ‍ॅट द अर्लिएस्ट’ याचा अर्थ भारतात ‘लवकरात लवकर’ असा घेतात. ब्रिटन-अमेरिकेत ‘मंडे अ‍ॅट द अर्लिएस्ट’ म्हणजे ‘सोमवारच्या आधी तर नाहीच’. त्यामुळे तुम्ही घाई करताय हे त्यांना कळेलच असं नाही, आणि ते ‘मंडे अ‍ॅट द अर्लिएस्ट’ लिहितात तेव्हा आपण सोमवारी मिळेल म्हणून वाट बघत बसतो आणि काम येतं गुरुवारी. घाई असेल तर ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ लिहा, आणि सोमवारपर्यंत हवंच असेल तर ‘बाय मंडे अ‍ॅट द लेटेस्ट’.